ईयोबाचे मित्र जमिनीवर बसले होते

ये, अशी जवळ येऊन बस. त्या लांबच्या सोफ्यावर नको, तिथून तुला माझं ऐकू यायचं नाही, माझा आवाज आता पूर्वीसारखा चढत नाही. आणि तो फोन आधी पालथा ठेव. त्याच फोनवरून तू तुझ्या आजारी मैत्रिणीला जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलंस ना? मागच्या आठवड्यात एक, त्याच्या आधी एक. आणि मनात म्हणालीस, चला, विचारपूस झाली. झाली नाही बाई. ती चित्रं जिथे येऊन पडतात त्या बाजूला मी सात महिने आहे, म्हणून सांगते. मी रागावलेली आहे, पण एकट्या तुझ्यावर नाही. तेव्हा उठून जाऊ नकोस, पुरतं ऐक.

मी मार्था, मूळची नगरची. शाळा सातवीपर्यंत. खरं वाचायला शिकले ते लग्नानंतर. सासऱ्यांची दृष्टी गेली होती, त्यांना रोज संध्याकाळी बायबल वाचून दाखवायचे. उच्चार चुकला की ते काठी आपटायचे. एवढीच माझी पदवी. नवरा गेल्यावर मुलाकडे, संदेशकडे, इथे अमेरिकेत अर्विंगला आले, त्याला बारा वर्षं झाली. आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायकांचा बायबल अभ्यास मी घ्यायचे. मैत्री हा माझा आवडता विषय. राजपुत्र असून आपला झगा मेंढपाळाच्या अंगावर घालणारा योनाथान, सासूला सोडून न जाणारी रूथ, सगळं तोंडपाठ. आता वाटतं, तोंडपाठ होतं हेच वाईट झालं. तोंडात होतं, खाली उतरलं नव्हतं.

चार मिनिटं

पोटाची तपासणी झाल्यावर आम्हाला एका छोट्या खोलीत बसवलं. डॉक्टर तरुण होता. त्याने स्टूल ओढून माझ्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ घेतलं, तेव्हाच मी काय ते ओळखलं. भाषांतराला एका पडद्यावर बाई येते तिकडे, पण मराठीची कोणी मिळेना. संदेश म्हणाला, "नो नीड, मी सांगतो आईला."

डॉक्टर चार मिनिटं बोलला. समोर घड्याळ होतं. मग संदेश माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, आतड्यात छोटी गाठ आहे. काढून टाकतील."

"चार मिनिटांत तो एवढंच बोलला?"

"हो."

"मग मधे दोनदा कॅन्सर म्हणाला, ते कोणाला?"

सातवी शिकलेल्या बाईलाही तो शब्द येतो रे बाबा. खाली पार्किंगमध्ये त्याला गाडी सुरू करवेना. चाळीस वर्षांचा घोडा, स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. कॅन्सर मला आणि पाठ मी त्याची चोळतेय. त्या दिवशीही मला रागच आला होता. सगळे म्हणतात आधी भीती वाटते. मला आधी राग आला, भीती मागून आली आणि राहिली.

घरी येऊन पहिला फोन मी विमलला केला.

विमल म्हणजे माझी मैत्रीण. संगमनेरची, इथे प्लेनोला राहते, गाडीने पंचवीस मिनिटं. आमची ओळख देशी दुकानात झाली. शेवग्याच्या शेंगांची शेवटची पिशवी दोघींनी एकदम धरली आणि दोघींनीही सोडली नाही. ती म्हणाली, "तुम्ही नगरकडच्या का? हिसका तिकडचा वाटतो." तेव्हापासून अकरा वर्षं. सणाला, उपासनेला, दवाखान्याला, सगळीकडे बरोबर. सहा वर्षांपूर्वी तिचे यजमान वसंतराव कॅन्सरने गेले. त्यानंतर ती साठीला टेकलेली असताना गाडी शिकली आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या मेलबॉक्सला ठोकली. तिच्या गाडीच्या पुढच्या बाजूला तो पोचा अजून आहे.

मी म्हटलं, "विमल, मला कॅन्सर झाला."

तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "येते गं मार्थे."

आली नाही. ऑपरेशन झालं, आली नाही. केमो सुरू झाली, आली नाही.

गॅरी

आता केमोचं सांगते, कारण तुझ्याही घरात कोणाला लागली तर उपयोगी पडेल. एकाआड एक गुरुवार. सकाळी सात वाजता रक्त, मग आरामखुर्ची, मग चार तास पिशव्या लटकवतात. दुपारी कमरेला एक बटवा बांधून घरी पाठवतात, त्यात छोटा पंप असतो, तो शनिवारपर्यंत औषध सोडत राहतो. दर थोड्या वेळाने घरघरतो. माझ्या नातीने, एस्तेरने, त्याचं नाव गॅरी ठेवलं. "आजी, गॅरी इज स्नोअरिंग," म्हणायची. आमच्या घरात त्या बटव्याकडे बघून हसणारी ती एकटीच, आणि तेवढं हसू मला पुरायचं.

माझ्या औषधाची खोड अशी की थंड काही सोसत नाही. फ्रिजला हात लावला की बोटांत सुया. थंड पाण्याचा घोट म्हणजे घशात काच. आणि राहतो कुठे, तर टेक्सासमध्ये, जिथे बाहेर भट्टी आणि आत सगळीकडे एसी. दुकानात शिरले की नाकाचा शेंडा झिणझिणायचा. डेनीस नावाची नर्स मी येण्याआधी चादर गरम करून ठेवायची आणि काही न बोलता माझ्या हातांभोवती गुंडाळायची. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची जेमतेम. त्यामुळे तिने मला एकही उपदेश केला नाही. देव तिचं भलं करो.

घरात मात्र ठिणग्या. सून कीर्ती चांगली आहे, पण तिची रजा संपत आली होती, आणि व्हिसा नोकरीवर, विमा नोकरीवर. एकदा मी सवयीने फ्रिजमधून दही काढायला गेले आणि किंचाळले. ती धावत आली. "आई, प्लीज, किती वेळा सांगू, फ्रिजला हात नका लावू." मी म्हटलं, "मला पांगळी करून ठेवा सगळे मिळून." ती बाथरूममध्ये गेली, पंखा लावला आणि रडली. पंख्यामुळे ऐकू जात नाही असं तिला वाटतं. मी दाराबाहेर उभी होते. आत जावं की नाही कळेना. हे सांगते कारण आजारी माणूस संत होतो असा तुझा समज असेल तर काढून टाक. मी या सात महिन्यांत जितकं वाईट बोलले तितकं आयुष्यात बोलले नव्हते.

काही लागलं तर सांगा

हे वाक्य मला ज्यांनी ज्यांनी म्हटलं त्यांच्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. काय सांगू? आज माझी वेणी घाल, केस हातात येतात म्हणून मला घालवत नाही, हे सांगू? संडासात बसल्यावर दाराबाहेर उभी राहा, चक्कर येते, हे सांगू? मागायला बळ लागतं. तेच तर गेलेलं असतं.

शास्त्रात त्या लुळ्या पडलेल्या माणसाची गोष्ट आहे. त्याला चौघांनी खाटेसकट उचलून येशूकडे नेलं. दारात एवढी गर्दी की आत शिरता येईना. चौघं काय म्हणाले, बघ हं, काही लागलं तर कळव? छपरावर चढले आणि छप्पर उचकटलं. ते छप्पर त्यांच्या बापाचं नव्हतं, दुसऱ्याचं होतं. खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडली असेल, घरमालक ओरडला असेल. त्या खाटेवरच्याला चौघांनी काही विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाही. मैत्री म्हणजे दुसऱ्याच्या छपराला हात घालण्याइतकी आगाऊ असावी लागते. आमच्या लोकांना तेवढा आगाऊपणा इथे येऊन विसरायला झालं. न सांगता कोणाकडे जायचं नाही, आधी मेसेज करायचा, मग त्याला उत्तर येईपर्यंत थांबायचं. आजारी माणूस मेसेजला उत्तर देत नाही. मग म्हणायचं, डिस्टर्ब नको करायला. छान सोय आहे.

शुक्रवारची प्रार्थना

एकदा मात्र आले. आमच्या मंडळीची रीत अशी की शुक्रवारची प्रार्थनासभा पाळीपाळीने एकेकाच्या घरी होते आणि कोणी आजारी असलं की त्याच्या घरी न्यायची. रीत चांगली आहे. पण दुसरी रीत तिला चिकटलेली आहे, ज्याच्या घरी सभा त्याने चहा-फराळ करायचा. ती कोणी मोडत नाही. तिसऱ्या केमोच्या दुसऱ्या दिवशी पंधरा माणसं आली. कीर्ती ऑफिसातून यायची होती. कमरेला गॅरी, हातात लोकरीचे मोजे, आणि मी सोळा कप चहा टाकला आणि पोहे परतले. स्वयंपाकघरात एक बाई डोकावून म्हणाली, "अहो मार्थाताई, कशाला उगाच?" आणि बशी घेऊन गेली. दिलीपराव बाहेरून म्हणाले, "नावाला जागतात हो ताई." सगळे हसले. शास्त्रातली मार्था येशूला जेवू घालण्याच्या धांदलीत होती ना, त्यावरून. मीही हसले. माझ्या हाताला कढईची धग बरी वाटत होती म्हणून, नाहीतर कढई त्यांच्यावरच ओतली असती.

दिलीपराव आमची सभा चालवतात, निवृत्त बँक मॅनेजर. प्रार्थना झाली, गाणं झालं, मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. माझ्या हातावर हात ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाले, "ताई, एकदा मन नीट तपासून पाहा. कुठे काही राहून गेलं असेल, कोणाबद्दल कडूपणा, एखादी न कबूल केलेली गोष्ट. देव विनाकारण असं येऊ देत नाही."

मी त्यांना काय म्हणणार होते ते माझ्या जिभेवर आलं होतं. चांगलं झणझणीत होतं. आणि ते जिभेवरच राहिलं, कारण ते वाक्य मला ओळखीचं वाटलं.

ते माझंच होतं. शब्दाला शब्द. हातावर हात ठेवण्यासकट.

वसंतराव आजारी होते तेव्हा मी विमलच्या स्वयंपाकघरात जाऊन हेच म्हटलं होतं. ती त्यांच्यासाठी पेज गाळत होती. गाळणी हातात तशीच धरून ती माझ्याकडे बघत राहिली होती. मी आणखी बोलले. विश्वास कमी पडतोय का बघ, म्हटलं. मग प्रार्थना केली, मोठ्याने, आणि आपण मैत्रिणीचं कर्तव्य केलं या समाधानात घरी आले. दोन महिन्यांनी वसंतराव गेले. विमल बायबल अभ्यासाला यायची बंद झाली, म्हणाली नातवंडांमुळे जमत नाही. मी ते खरं मानलं. मानायला सोपं होतं. उपासनेत भेटायची, लोणच्याच्या बाटल्या इकडून तिकडे जायच्या. मला वाटलं मैत्री आहे तशी आहे.

सात दिवस

तुला ईयोबाची गोष्ट माहीत नसेल तर सांगते, लांबलचक नाही सांगत. ईयोब भला माणूस. एका झटक्यात त्याची मुलं गेली, गुरंढोरं गेली, मग अंगभर फोड आले. तो राखेत बसला. त्याचे तीन मित्र आपापल्या गावांहून ठरवून आले. लांबून त्याला पाहिलं तर ओळखू येईना. ते मोठ्याने रडले, कपडे फाडले, डोक्यावर धूळ टाकली आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसले. सात दिवस, सात रात्री. एक शब्द कोणी बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं.

मग त्यांनी तोंड उघडलं आणि सगळा नास केला. तुझं काहीतरी चुकलं असेल, देव उगाच शिक्षा करत नाही, कबूल करून टाक. पानंच्या पानं तेच.

हा धडा मी निदान पाच वेळा शिकवला असेल. ते सात दिवस मी नेहमी एका वाक्यात उरकायचे, कारण मला पुढच्या वादावादीत रस. बोलण्यातच रस गं माझा, तू बघतेसच आहेस. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, हेही मी शिकवायचे, बोट वर करून. तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, असं तो त्यांना सुनावतो. ईयोब देवाशी भांडला, ओरडला, त्याला नाही रागवत. देवाची बाजू घेऊन मित्राला दुखावणाऱ्यांवर रागावतो. हे वाक्य मी त्या शुक्रवारी पंधरा जणांचे कप विसळताना पहिल्यांदा समजून घेतलं. तोपर्यंत कीर्ती आली होती. तिने माझ्या हातातून कप काढून घेतला आणि म्हणाली, "आई, हे लोक परत आले तर मी दार उघडणार नाही." मी तिला जवळ घेतलं. गॅरी आमच्या दोघींच्या मधे घरघरत होता.

तर मग विमल येत नाही ते बरोबरच आहे, असं मी स्वतःला सांगितलं. आणि तरी रागावलेच. चुकले मी, मान्य. पण मला कॅन्सर झालाय, हेही मान्य कर ना कोणीतरी.

पोचा पडलेली गाडी

एस्तेरची उन्हाळ्याची सुट्टी लागली. नववी केमो होऊन दुसरा दिवस, शुक्रवार. दुपारी ती टॅबलेट घेऊन माझ्या पलंगावर चढली. आमच्या दाराच्या बेलला कॅमेरा आहे, समोर काही हललं की चित्र घेतो. तिला ती चित्रं बघायचा नाद.

"आजी, हू इज दॅट लेडी? शी जस्ट सिट्स इन हर कार."

बघते तर समोरच्या कडेला गाडी उभी. पुढे पोचा.

"कधीचं आहे हे?"

"धिस मॉर्निंग. अँड द अदर फ्रायडे टू. वेट." तिने बोटाने मागे सरकवलं. दोन आठवड्यांपूर्वीचा शुक्रवार. त्याच्या आधीचा केमोचा शुक्रवार. दर वेळी अकराच्या सुमारास, घरात मोठी माणसं म्हणजे मी आणि गॅरी असतो तेव्हा. गाडी येते, पाऊण तास उभी राहते, निघून जाते. एकदा ती उतरलेली दिसते. हातात स्टीलचा डबा आहे. अर्ध्या वाटेपर्यंत येते, हिरवळीच्या कडेला थांबते. डब्याकडे बघते. परत जाते. वाकून चालायला लागलीये माझी विमल.

एस्तेर म्हणाली, "इज शी अ बॅड पर्सन?"

म्हटलं, "नाही. तुझी आजी बॅड पर्सन आहे. ती मैत्रीण आहे."

"देन व्हाय डझन्ट शी रिंग द बेल?"

मी टॅबलेट तिच्या हातातून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

रडले का? रडले. मग दहा मिनिटांनी इतकी चिडले की बटव्याची पट्टी ताणून नळी ओढली गेली. मी आत भिंतीकडे तोंड करून पडलेली, मैत्री मेली म्हणून तिला शिव्या घालतेय, आणि ही बाहेर पंचवीस पावलांवर एसी लावून बसलेली. तीन शुक्रवार. हा काय प्रकार झाला?

त्याला आता आठवडा झाला. फोन करणार होते, केला नाही. फोनवर मी बोलत सुटते आणि बोलण्यानेच घात केलाय. म्हणून हे तुला सांगता सांगता लिहून घेते आहे. कीर्ती टाइप करतेय, मंडळीच्या ग्रुपवर टाकणार आहे. विमल तिथे सगळं वाचते, उत्तर कशालाच देत नाही. दिलीपरावही वाचतील. वाचा, दिलीपराव, मी तुमच्याहून आधी तेच पाप केलंय, म्हणून तुम्हाला जास्त बोलत नाही.

आता बाई, तू जरा बाजूला हो. हे शेवटचं विमलला आहे.

विमल, ईयोबाच्या गोष्टीत शेवटी देव त्या मित्रांना सांगतो की तुम्ही ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील, मग मी तुम्हाला सोडीन. जायचं मित्रांनी असतं. म्हणजे यायला मी पाहिजे तुझ्या दारात, हे मला कळतं. तुझ्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगायला पाहिजे की त्या दिवशी मी देवाचं नाव घेऊन खोटं बोलले, वसंतरावांचं काही चुकलं नव्हतं आणि तुझाही विश्वास कमी पडला नव्हता. पण मला गाडी येत नाही, तुला येते. आणि संदेशला मी आता आणखी कुठे ने म्हणून सांगणार नाही.

पुढच्या गुरुवारी दहावी केमो आहे. त्यानंतर दोन राहतील, मग स्कॅन. स्कॅनमध्ये काय निघेल ते मला माहीत नाही, आणि त्याची मला भीती वाटते, ही गोष्ट मी घरात कोणाला सांगितलेली नाही. तुला सांगते.

शुक्रवारी अकराला दार नुसतं लोटलेलं असेल, बेल वाजवू नकोस. मी तोंड उघडणार नाही, एस्तेरला साक्षीला बसवते. तुला बोलायचं असेल ते बोल, शिव्या दे, नाहीतर गप्प बस. मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे, तूही असशील, तो राग घेऊनच ये. पण त्या गाडीत काचा वर करून बसू नकोस. ते तिघं जमिनीवर बसले होते, त्याला दिसतील असे. माझ्या पलंगाशेजारी सतरंजी घालून ठेवते. गुडघे दुखत असतील तर खुर्ची आहे. डबा आण, पण गरम आण. आणि लवकर ये गं.